नऊ गुंठ्यांचा एक ठिपका

आमच्या शाळेला टीव्ही मिळाला तो लोकवर्गणीतून. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या माथ्यावर वसलेले आमचे गाव कोरडवाहू आहे. दसरा-दिवाळी उरकली की निम्म्या घरांना कुलपे लागतात, कारण माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, नाही तर कर्नाटकात जातात. अशा गावाने शंभर-दोनशे रुपये करत शाळेसाठी टीव्ही घेतला, तेव्हा तो भिंतीवर लावताना त्या पैशांची जाणीव मला फार होती. या पडद्यावर जे दाखवायचे ते मुलांच्या अंगी लागले पाहिजे, एवढे मी त्या दिवशी मनाशी पक्के केले होते. ते कसे साधायचे, हे कळायला मात्र दोन वर्षे गेली.

सुरुवातीला मी एका तासात जग दाखवायला निघाले होते. इजिप्तचे पिरॅमिड, आग्ऱ्याचा ताजमहाल, हिमालयातल्या हिमनद्या, आफ्रिकेतले हत्ती, असे एकामागून एक फोटो आणि छोट्या चित्रफिती मी लावत गेले आणि मुले ‘भारी, भारी’ म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर, काल काय पाहिले ते वहीत लिहा, असे सांगितले, तर बहुतेकांनी ‘डोंगर पाहिला, पाणी पाहिले, हत्ती पाहिला’ एवढेच लिहिले. मुलांची यात काही चूक नव्हती. धावत्या गाडीच्या खिडकीतून जेवढे दिसते तेवढेच त्यांना दिसले होते, आणि गाडी मीच पळवत होते. तेव्हापासून मी एक नियम पाळत आले आहे : एका तासाला एकच ठिकाण, आणि त्या ठिकाणाची फार तर तीन चित्रे.

दुसरा नियम मुलांनीच मला शिकवला. पडद्यावरची सहल दूरच्या ठिकाणापासून सुरू करायची नाही, आपल्या गावापासून करायची. एका दुपारी मी गुगल अर्थवर आमच्या तालुक्याचे गाव दाखवत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, “बाई, आपलं गाव पन दिसतंय का?” मी गावाकडे सरकले. आधी तळे दिसले, मग देऊळ, मग पत्र्यांची दाटी, आणि वर्गातला गोंगाट एकदम थांबला. पुढची चाळीस मिनिटे मला काही शिकवावे लागले नाही. मुले पडद्यापाशी येऊन बोट ठेवून घर शोधत होती, गल्ली मोजत होती, एकमेकांशी हुज्जत घालत होती. शाळेचा पत्रा सापडला तेव्हा, “इवढीच शाळा?” असे एक पहिलीतली मुलगी म्हणाली. तिला रोज केवढीतरी मोठी वाटणारी इमारत वरून काडेपेटीएवढी दिसते, हे तिला पटत नव्हते. ते पटवून देण्यासाठी मला पुढे प्रमाण हा भाग शिकवावा लागला, आणि तो पुस्तकातल्या पाठाच्या आधीच शिकून झाला.

त्या चित्रात शाळेच्या मागचे कडुनिंबाचे झाड उभे होते. प्रत्यक्षात ते झाड वादळात पडून वर्ष झाले होते. यावरून वर्गात जोराचा वाद झाला. काही मुलांचे म्हणणे, हे झाड दुसरेच आहे. काहींचे म्हणणे, चित्र खोटे आहे. मग मी पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेली तारीख वाचायला सांगितली. चित्र दोन वर्षांपूर्वीचे होते. उपग्रहाचे चित्र म्हणजे आत्ता या क्षणी वरून कोणीतरी आपल्याकडे पाहत आहे असे नव्हे, ते कधीतरी काढून ठेवलेले असते, ही गोष्ट मोठ्या माणसांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. माझ्या चौथीच्या मुलांना ती एका पडलेल्या झाडामुळे कळली.

त्याच चित्रावरून आम्ही वेळही काढली. पाण्याच्या टाकीची सावली चित्रात वायव्येकडे पडलेली होती. ती कोणत्या वेळेची असेल, असे विचारल्यावर मुलांनी सकाळ-संध्याकाळ दोन्ही सांगितले. मग आम्ही आठवडाभर रोज टाकीपाशी जाऊन सावलीचे टोक जिथे असेल तिथे दगड ठेवला : शाळा भरताना एक, मधल्या सुट्टीत एक, शाळा सुटताना एक. हिवाळ्याचे दिवस होते, सूर्य दक्षिणेकडे कललेला होता, आणि सकाळचाच दगड चित्रातल्या सावलीशी जुळला. पृथ्वीची छायाचित्रे घेणारे अनेक उपग्रह सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास एखाद्या ठिकाणावरून जातील अशा कक्षेत ठेवलेले असतात, म्हणजे दर खेपेला उजेड साधारण सारखा मिळतो, हे मी नंतर सांगितले. आधी सांगितले असते तर ते एक वाक्य झाले असते आणि वहीतच राहिले असते.

या तयारीनंतर मी लोणार निवडले. बुलढाणा जिल्ह्यातले हे सरोवर आपल्याच मराठी मुलखातले, पण आमच्या मुलांना तिथे नेऊन एका दिवसात परत आणणे झेपणारे नाही. अशनी आदळून बेसाल्ट खडकात तयार झालेले ते विवर आहे. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि जवळजवळ १५० मीटर खोल. हे आकडे मुलांना सांगून काही उपयोग नसतो. आमच्या गावातली टाकी पंधरा मीटर धरली, तर अशा दहा टाक्या एकावर एक ठेवाव्या लागतील, असे म्हटल्यावर मुलांनी टाकीकडे पाहिले आणि मग वर आभाळाकडे पाहिले. रुंदीसाठी आम्ही गुगल अर्थमधली मोजपट्टी वापरली. लोणारच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत रेघ ओढली, आणि तेवढीच रेघ आमच्या शाळेपासून ओढत नेली. ती फाट्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती रेघ पायी चाललो. शंभर पावले झाली की एक खडा खिशात टाकायचा, असे ठरले होते. टपरीपाशी पोचेपर्यंत कोणाचे पस्तीस खडे झाले होते, कोणाचे चाळीस. पायांची लांबी सारखी नसते यावर परत येताना पुन्हा चर्चा झाली. मात्र त्या दिवसापासून लोणार केवढे, असे विचारले की आमची मुले ‘फाट्याएवढे’ म्हणतात, आणि ते उत्तर मला १.८ किलोमीटरपेक्षा अधिक खात्रीचे वाटते. पडद्यावर पाहिलेली जागा एकदा तरी पायांनी मोजायला हवी, असे माझे ठाम मत त्या चालण्यातून झाले. स्वतः लोणारला जाता आले नाही तरी लोणारची रुंदी आपल्या रस्त्यावर आणता येते.

लोणारची दोन चित्रे मी जपून ठेवली आहेत. लँडसॅट ८ या उपग्रहाने घेतलेली ही चित्रे अमेरिकेच्या नासा संस्थेने प्रसिद्ध केली होती : एक २५ मे २०२० चे, दुसरे १० जून २०२० चे. पहिल्यात सरोवराचे पाणी हिरवट आहे, दुसऱ्यात गुलाबी. दोन्ही चित्रे शेजारी-शेजारी लावून मी काहीच बोलले नाही. मुलांनी आधी ‘रंग टाकला’ म्हटले, मग ‘रक्त’ म्हटले. एकाला त्याच्या आजीने सांगितलेली लोणासुराची गोष्ट आठवली. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन लोणासुराला मारले, ही लोणारची जुनी कथा आहे, आणि त्या नावाचे सुंदर देऊळही गावात आहे. ती कथा मी आवर्जून सांगू दिली. मग विचारले, उन्हाळ्याच्या शेवटी आपल्या तळ्याचे काय होते? पाणी आटते. खारे पाणी आटले तर मीठ कुठे जाईल? इथपर्यंत मुले स्वतः आली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्या पाण्याची तपासणी केली तेव्हा मिठात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव आणि त्यांच्यातले गुलाबी रंगद्रव्य हे कारण असल्याचे सांगितले, ही शेवटची पायरी मी पुरवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार हे रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ क्षेत्र म्हणून जाहीर झाले, तेही सांगितले. पण मुलांचे लक्ष तारखांकडे होते. “बाई, मधल्या दिवसांचे फोटो कुठं हायत?”

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता, आणि त्यातून त्या वर्षातला सर्वांत चांगला तास घडला. लँडसॅट ८ एका जागेवरून गेला की बरोबर सोळा दिवसांनी पुन्हा तिथे येतो; मुलांनी बोटांवर मोजले, तर २५ मेपासून १० जूनपर्यंत नेमके सोळा दिवस भरले. मग हा उपग्रह ७०५ किलोमीटर उंचीवरून आपल्याला कितपत पाहू शकतो, असा प्रश्न निघाला. त्याच्या रंगीत चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरची तीस मीटर लांब आणि तीस मीटर रुंद जागा. आमच्या पटांगणात तेवढी जागा नाही म्हणून शेजारच्या, नांगरून पडलेल्या शेतात मालकांची परवानगी घेऊन आम्ही टेप धरला, चार कोपऱ्यांवर चार मुले उभी केली आणि सुतळी ओढून चौकोन केला. नऊशे चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे. गुंठ्याचा हिशेब आमच्या मुलांना चांगला कळतो. त्या चौकोनात अख्खी शाळा येऊन उभी राहिली तरी वरून तो सगळा एकच ठिपका, एकाच रंगाचा. चौकोनाच्या मधोमध उभ्या असलेल्या मुलीने हात वर केला आणि विचारले, “मंग मी दिसनार न्हाई?” नाही दिसणार, असे मी म्हणाले. तिने हात खाली घेतला, आणि ते मला का कोण जाणे, लागले.

वर्गात आल्यावर मुलांनी चौकटीच्या कागदावर विवर काढले. एक चौकट म्हणजे एक ठिपका धरला, तर विवराला साठ चौकटी लागतात आणि आतल्या पाण्याला सुमारे चाळीस. गणिताच्या तासाला वेगळी तयारी लागली नाही.

आता साधनांबद्दल थोडे, कारण इतर शाळांतले शिक्षक मला बहुधा तेच विचारतात. आमच्याकडे रेंज दिवसातून दोन-तीन तास नीट असते आणि वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून वर्गात नेटवर अवलंबून राहायचे नाही असे मी ठरवले आहे. लागणारी चित्रे घरी उतरवून पेनड्राइव्हमध्ये ठेवते. गावाचे उपग्रहचित्र मी तालुक्याच्या गावातल्या फ्लेक्सच्या दुकानातून आठ फूट बाय सहा फूट छापून घेतले आहे. वाढदिवसाचे फलक छापणाऱ्या त्या दुकानदारांनी नकाशाचे पैसे घेतानाही कमीच घेतले. तो फ्लेक्स वर्गात अंथरला की मुले चपला काढून त्यावरून चालतात, घरापासून शाळेपर्यंत, शाळेपासून विहिरीपर्यंत, आणि डावे-उजवे, पूर्व-पश्चिम हे शब्द त्यांच्या तळपायांना कळतात. वीज गेली तरी फ्लेक्स बंद पडत नाही. इस्रोचे ‘भुवन’ हे संकेतस्थळ २००९ पासून आहे आणि तेही मी वापरते. पण महत्त्व चित्र कोणत्या संकेतस्थळावरचे आहे याला फार नाही. अ‍ॅप येतात आणि जातात. गुगलचे ‘एक्सपिडिशन्स’ हे आभासी सहलींचे अ‍ॅप अनेक शिक्षकांनी मेहनतीने आत्मसात केले होते, ते जून २०२१ मध्ये बंद झाले. आपल्या पेनड्राइव्हमधली दहा नीट निवडलेली चित्रे कोणी बंद करू शकत नाही.

आभासी दृश्ये दाखवणाऱ्या, डोळ्यांना लावायच्या चष्म्याचा अनुभवही एकदा आला. एका कंपनीचे लोक एक दिवस सहा चष्मे घेऊन आले, प्रत्येक मुलाला तीन-तीन मिनिटे समुद्राच्या तळाशी नेऊन आणले आणि फोटो काढून गेले. दोन मुलांना गरगरले, एक लहान मुलगा घाबरून रडला. चष्मा लावला की मूल एकटे होते; त्याला काय दिसते ते शेजारच्याला दिसत नाही, म्हणून त्यावर बोलता येत नाही, वाद घालता येत नाही, बोट ठेवता येत नाही. ज्या हुज्जतीतून आमच्या वर्गात शिकणे होते ती हुज्जतच त्यात नव्हती. हे यंत्र पुढे सुधारेल, मोठ्या मुलांना उपयोगीही पडेल, पण प्राथमिकच्या मुलांसाठी एक मोठे चित्र आणि भोवती बसलेली वीस मुले हीच रचना मला योग्य वाटते.

अजिंठ्याबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण चित्र आणि जागा यांचे नाते तिथे फार जुने आहे. जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी २८ एप्रिल १८१९ रोजी वाघोरा नदीच्या त्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर पोचला, आणि त्यानंतर बाहेरच्या जगाला लेणी दाखवायची कशी हा प्रश्न उभा राहिला. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे तिथे राहून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवल्या. त्यांतल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत जळाल्या. नंतर जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा प्रतिकृती करवून घेतल्या, आणि त्यांतल्याही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. जे लोक अजिंठ्याला जाऊ शकत नव्हते त्यांच्यासाठी त्या काळातली ती सहलच होती. आज पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातल्या चित्रातला बोधिसत्त्व पद्मपाणी आमच्या पडद्यावर एवढा मोठा करता येतो की त्याच्या हातातल्या निळ्या कमळाची पाकळी न् पाकळी मोजता येते. अजिंठ्याच्या रंगांतला निळा अफगाणिस्तानातून आलेल्या राजावर्त (लॅपिस लाझुली) या निळ्या दगडाचा आहे, हे सांगितल्यावर मुलांनी भारताचा नकाशा मागितला, मग आशियाचा मागितला, आणि तो दगड कोणत्या वाटेने आला असेल याची रेघ स्वतः काढली.

पुढे यातली काही मुले सातवीत गेल्यावर शाळेच्या सहलीने खरोखर अजिंठ्याला जाऊन आली. परत आल्यावर एक मुलगा मला मुद्दाम सांगायला आला, “बाई, तिथं लई अंधार हाय. टीव्हीत उजेड जास्त व्हता.” मी त्याला आणखी विचारले, तेव्हा तो म्हणाला की आत गेल्यावर आधी काहीच दिसले नाही, मग हळूहळू डोळे, मग कमळ, मग मागची माणसे दिसायला लागली, आणि आतमध्ये गार होते, वटवाघळांचा वास येत होता. पद्मपाणी त्याला ओळखीचा होता म्हणून त्या गर्दीत तो तिथे थांबला, बाकीची मुले पुढे निघून गेली. पडद्यावरच्या सहलीने खऱ्या सहलीची जागा घेऊ नये, तिने खऱ्या सहलीत थांबायची जागा दाखवावी, असे मला जे म्हणायचे असते ते त्या मुलाने करून दाखवले होते.

आपल्याकडच्या शाळांनी या कामात जगाला काही दिलेलेही आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याच्या कामाबद्दल. त्याबरोबरच ते इतर देशांतल्या वर्गांना आभासी सहलीही घडवत असत. त्या बातमीने मला धीर दिला. आमच्याकडूनही कोणाला तरी सहल घडवता येईल, असे तेव्हा वाटले.

ती संधी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका शाळेमुळे मिळाली. तिथल्या बाई माझ्या प्रशिक्षणातल्या मैत्रीण. आमच्या मुलांपैकी कोणीही समुद्र पाहिलेला नव्हता आणि भरती-ओहोटी पुस्तकात वाचून कोणाला कळत नव्हती. त्यांनी एक काम केले : पौर्णिमेच्या दिवशी, उधाण असताना, एकाच खडकावर उभे राहून, एकाच दिशेने, सकाळपासून दर तासाला एक फोटो काढला. ते आठ फोटो त्यांनी क्रम न लावता पाठवले. आमच्या मुलांनी त्यांचा क्रम लावायचा होता. मुले तासभर जमिनीवर फोटो मांडत बसली. पाणी कुठल्या दगडापर्यंत आले, होडी आडवी आहे की तरंगते आहे, ओल्या वाळूची रेघ कुठे आहे, हे सगळे त्यांनी स्वतः टिपले. होडी जमिनीवर कलंडलेली आणि त्याच जागी काही तासांनी पाण्यावर उभी, हे पाहून एक मुलगा तिच्याखालून बोट फिरवत राहिला. भरती आणि ओहोटी यांत सहा तासांहून थोडे अधिक अंतर असते, हे त्यांना फोटोंच्या वेळांवरून समजले; दुसऱ्या दिवशी हा सगळा क्रम साधारण पन्नास मिनिटे उशिरा सुरू होतो, हे मी सांगितले. बदल्यात तिकडच्या मुलांनी ज्वारीच्या कणसाचे रोज एक याप्रमाणे फोटो मागितले, दाणा दुधाळ होईपासून हुरडा होईपर्यंत. आमच्या मुलांना इतकी वर्षे ज्वारीत पाहण्यासारखे काही आहे असे वाटले नव्हते. फोटो पाठवायचा म्हणून ती रोज सकाळी त्याच ताटापाशी जाऊ लागली.

आणि आता त्या मुलीबद्दल, जिने शेतातल्या चौकोनात उभे राहून हात वर केला होता. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले होते आणि ती आजीजवळ राहून, हंगामी वसतिगृहात जेवत, शाळेत येत होती. डिसेंबरात एक दिवस शाळा सुटल्यावर ती थांबली आणि म्हणाली, “बाई, फड दाखवता का?” फड म्हणजे ऊसतोड चालते ते शेत. आम्ही तिच्या वडिलांना फोन लावून गावाचे नाव विचारले. सांगली जिल्ह्यातले, कृष्णाकाठचे गाव होते. दुसऱ्या दिवशी मी ते सगळ्या वर्गालाच दाखवायचे ठरवले, कारण वर्गातल्या अर्ध्याहून अधिक मुलांचे कोणी ना कोणी त्याच दिशेला गेलेले होते.

एकदम त्या गावावर न उतरता आम्ही रस्त्याने गेलो. आमच्या फाट्यावरून निघालो, बालाघाट उतरलो, सीना ओलांडली, भीमा ओलांडली, माणदेशाच्या उजाड माळावरून पुढे गेलो. सगळा प्रवास तपकिरी होता. आणि मग कृष्णेच्या खोऱ्यात शिरताच पडदा हिरवा झाला. कोणीतरी म्हणाले, “तिकडं पाऊस लई पडतो.” पूर्वी दोन हंगाम आईवडिलांबरोबर जाऊन आलेला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, पाऊस नाही, पाणी नदीचे आहे, आणि पाइपने आणलेले आहे. तो सहसा वर्गात बोलत नाही. हंगामात शाळा बुडते म्हणून वाचनात तो मागे आहे. त्या दिवशी तो पडद्यापाशी येऊन आम्हाला फिरवत होता : हा कारखाना, ही गाड्यांची रांग, इथे बैल बांधतात, या मोकळ्या जागेत कोप्या, म्हणजे तोडणाऱ्यांच्या झोपड्या, असतात. नदी कुठून येते, धरणे कुठे आहेत, आपल्याकडचा पाऊस डोंगर का अडवतो, हे सगळे प्रश्न त्यातून निघाले आणि पुढचे चार तास पुरले. पर्जन्यछायेचा प्रदेश हा शब्द मी इतकी वर्षे शिकवत होते. आईवडिलांना दरवर्षी जावे लागते याचे एक कारण त्या शब्दात आहे, हे त्या वर्गाने प्रथमच पाहिले.

मुलगी शांत बसून होती. शेवटी तिने विचारले, “आई दिसंल का?” तिला उत्तर ठाऊक होते. तिनेच पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख वाचली आणि म्हणाली, “हे तर उन्हाळ्यातलं हाय. तवा आई हितंच व्हती.” मी मान हलवली. मला त्या क्षणी वाटले, हे दाखवायला नको होते. पण तिने वही काढली आणि ते गाव, नदी, रस्ता, कारखाना असा नकाशा उतरवून घेतला, आणि रात्री फोनवर आईला विचारून त्यात कोपीची जागा भरून आणली. दुसऱ्या दिवशी आणखी सहा मुलांनी तसे नकाशे काढले. काही पालकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले. त्यांतले कोणते वर्गात दाखवायचे हे मी प्रत्येक घराला विचारून ठरवले, कारण कोपीचे दार हे घराचेच दार असते आणि ते मोठ्या पडद्यावर उघडण्याचा अधिकार माझा नव्हे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माणसे परत आली. तिची आई मुलीला न्यायला शाळेत आली, तेव्हा मुलीने तिला हाताला धरून वर्गात आणले आणि मला टीव्ही लावायला सांगितले. मी ते गाव उघडले. आईने पदराने हात पुसले, पडद्याजवळ आली, पण बोट लावायला संकोचली. मुलीने तिचे बोट धरून नदीवर ठेवले. तिथून तिला वाट सापडली. कारखान्याच्या रस्त्याने ती हळूहळू पुढे सरकली, एका मोठ्या झाडापाशी थांबली, आणि मुलीच्या वहीतल्या नकाशाकडे वळून म्हणाली, “हितं वढा काढलाय तू. वढा न्हाई त्यो, पाट हाय. पानी सोडलं की रातभर आवाज यायचा.” मुलीने खोडरबर घेतला, ओढ्याची वाकडी रेघ पुसली, पट्टी लावून सरळ रेघ ओढली आणि तिच्यावर ‘पाट’ असे लिहिले. मग पेन्सिल हातात तशीच धरून तिने विचारले, “आवाज कसा यायचा गं?”